आठवड्यातून एकदाच, रात्री केमिस्ट्रीचा क्लास... झेपेल का?

जर्सीची_नाशिककर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. न्यू जर्सीत असते, वय ३७, बीकॉम, दिवसा एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघते. आता नर्सिंगला जायचं डोक्यात घेतलंय आणि त्याच्या आधी कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री पास व्हायला लागते. नोकरीमुळे एकच सेक्शन जमतोय, मंगळवारी संध्याकाळी ६ ते ९:५०, आधी लेक्चर मग लॅब, की मग थेट पुढच्या मंगळवारी. नवरा म्हणतो आठवड्यातून एकदा तर जायचंय, त्यात काय एवढं. मला मात्र धडकी भरलीय, कारण शेवटची केमिस्ट्री दहावीत, तीही मराठी मिडियममधून, संयुजा आणि उदासिनीकरण हे दोन शब्द सोडले तर पाटी कोरी. मुलगा ७ वर्षांचा. कोणी केलाय का असा क्लास? आणि मंगळवारी माझा उपास असतो हा वेगळाच घोळ 😅

ठाणे_टू_टेक्सास
मी केलाय, गुरुवारचा होता. नवऱ्याला सांग की आठवड्यातून एकदा म्हणजे कमी नाही, सगळा आठवडा एका रात्रीत कोंबलेला असतो. दिवसाच्या बॅचला जे दोन-तीन वेळा तुकड्यातुकड्यात शिकवतात ते आपल्याला एका बैठकीत, त्यामुळे एक दिवस बुडला की अख्खा चॅप्टर आणि एक लॅब गेली. फॉलला (ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरला) घेणार असशील तर आत्ताच कॅलेंडर काढून बघ, गणपती-दिवाळी दोन्ही त्याच सेमिस्टरला येतात, मंगळवारी काही येतंय का ते.
माझी चूक सांगते, मी सगळं वीकेंडवर ढकलायचे. ऑनलाइन होमवर्क रविवारी रात्री ११:५९ ला बंद व्हायचं आणि तोपर्यंत गुरुवारचं काही आठवायचंच नाही, वहीतलं अक्षर माझंच पण वाचतेय दुसऱ्या कोणाची वही असं वाटायचं. मग क्लासच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास, डबा भरता भरता का होईना, तीच गणितं परत करायला लागले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.
लॅबला घाबरू नकोस, उभं राहायचं असतं म्हणून झोप तरी येत नाही. फक्त ब्युरेटचं (थेंब थेंब द्रव सोडायची, खुणा केलेली काचेची नळी) रीडिंग दोन दशांशापर्यंत लिही, मी २३.४ लिहिलं म्हणून मार्क कापले, म्हणे २३.४० लिहा. शून्याला एवढी किंमत मी अख्ख्या शाळेत बघितली नव्हती. आणि वहीत पेननेच लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची, व्हाइटनर चालत नाही.
उपासाचं म्हणशील तर खिचडी गाडीतच खाऊन जा, लॅबमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत.

निवृत्त_मास्तर_सांगली
अहो नाशिककर, ३० वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली, म्हणून चार शब्द. तुम्ही बीकॉम आहात हे तुमचं भांडवल आहे. या विषयात मुलं अडकतात ती केमिस्ट्रीत नाही, हिशोबात. समीकरण बॅलन्स करणं म्हणजे दोन्ही बाजू टॅली करणं. रेडॉक्समध्ये तर सरळ डेबिट-क्रेडिट, एकाने जेवढे इलेक्ट्रॉन दिले तेवढेच दुसऱ्याने घेतले पाहिजेत. (देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण. मराठी शब्द विसरू नका, क्षपण म्हणजेच रिडक्शन.)
मोल प्रकरणाला सगळे घाबरतात. डझन म्हणजे जसे १२ नग, तसा मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण, एवढंच. समजा ३ तोळे चोख सोनं आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ३४.९८ ग्रॅम. सोन्याचा एक मोल १९७ ग्रॅमचा, भागा, ०.१७८ मोल आले. त्याला ६.०२२ × १०²³ ने गुणा की अणूंची संख्या. तोळ्याचे ग्रॅम, ग्रॅमचे मोल, मोलचे अणू, प्रत्येक पायरीला एकक लिहायचं आणि वरचं खालचं कापत जायचं. सराफ हल्ली १० ग्रॅमचाच तोळा धरतात तो भाग वेगळा. क्लास सुरू व्हायच्या आधी एवढं एकच पक्कं करून जा.

मध्यरात्रीचा_चहा
सगळे हो म्हणतायत म्हणून मी उलट बोलतो. मी नोकरी करून असाच क्लास घेतला आणि सातव्या आठवड्यात सोडला, ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या मार्कांच्या नोंदीवर) डब्ल्यू, म्हणजे विथड्रॉ, क्लास मध्येच सोडल्याची खूण, आहे अजून. विषय अवघड नव्हता, पण रात्री सव्वादहाला घरी, जेवण, साडेअकराला झोप आणि सकाळी आठची मीटिंग, बुधवार कायमचा मेलेला. समरमध्ये सुट्टी काढून करता आला तर बघा, नाहीतर निदान डब्ल्यूची शेवटची तारीख आधीच लिहून ठेवा. एक मात्र कबूल, वर्गातली माणसं भारी होती. कोणी गोडाऊनमधून शिफ्ट संपवून यायचं, कोणी नर्सिंग होममधून, आणि सर स्वतः दिवसा फार्मा कंपनीत काम करणारे, त्यामुळे पुस्तकाबाहेरचं खूप सांगायचे.

जर्सीची_नाशिककर
सगळ्यांना थँक्यू! मास्तर, मंगळसूत्र वजन करून गणित करून बघितलं, नवरा विचारतोय विकायला काढलंस का. समर नाही जमणार, मुलाला सुट्टी असते. मंगळवारच घेतेय. बुधवारी सकाळी उशिरा यायचं ऑफिसात विचारलंय, बघू. टायट्रेशनचा (आम्लात थेंब थेंब अल्कली सोडून रंग बदलायची वाट बघायची तो प्रयोग) रंग नक्की कधी धरायचा, व्हिडिओत प्रत्येकजण वेगळा गुलाबी दाखवतो?

ठाणे_टू_टेक्सास
जेमतेम दिसेल न दिसेल असा फिका, आणि हलवल्यावर अर्धा मिनिट टिकला पाहिजे. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेव. रुह अफजासारखा झाला की समज एक-दोन थेंब जास्त गेले, परत सगळं पहिल्यापासून. शेवटी शेवटी ब्युरेटच्या टोकाला अर्धाच थेंब लटकवायचा आणि वॉश बॉटलने धुऊन आत ढकलायचा, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं, तेव्हा ९:४० झाले होते आणि लॅबवाला दिवे घालवत होता.