मदत हवी आहे: नव्या मठाच्या परवानग्या आधी कुठल्या घ्यायच्या?

नमस्कार. एकांतात राहून प्रार्थनेला वाहून घेतलेल्या कॅथलिक सिस्टर्सच्या नव्या मठाची कागदपत्रं मी जुळवतेय. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या, कलम ६०९ प्रमाणे धर्मप्रांताच्या बिशपांची लेखी संमती आधी हवी, आणि अशा मठाला रोमची, म्हणजे व्हॅटिकनचीही परवानगी लागते. इथवर कळलं. अडलंय नकाशावर. मदरनी पेन्सिलीने आखलेलं चर्च मठाच्या भिंतीला लागूनच आहे, लोकांसाठी दार रस्त्याच्या बाजूला. पण कलम १२१५ प्रमाणे मठाला संमती असली तरी त्या जागी चर्च बांधायला बिशपांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. मग दोन्ही अर्ज एकत्रच द्यावेत का? आणि रोमचं उत्तर येण्याआधी बांधकाम परवान्यासाठी नकाशा दाखल केला तर चालेल? सिस्टर्स फार आशेने वाट पाहताहेत. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.