मदत हवी आहे: साठीनंतर सेवेचं काम कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. निवृत्त झाल्यापासून दिवसाआड घरी पार्सल येतंय. एअर फ्रायर तर अजून खोक्यातच आहे. बायको विचारते, "दुकान टाकायचंय का?"

१९८६ साली कॉलेजात असताना बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीला (तरुणांच्या श्रमदान शिबिराला) गेलो होतो. मे महिन्याचं चंद्रपुरी ऊन, हातात कुदळ, तळहाताला फोड. पण तेवढी गाढ झोप पुन्हा कधी लागली नाही.

आता गुडघे कुरकुरतात, खोदकाम जमायचं नाही. हिशेब मात्र ३५ वर्षं लिहिलेत. आमट्यांच्याच आनंदवन किंवा हेमलकसा प्रकल्पात महिना-दोन महिने राहून असं काम करता येतं का? आधी पत्र पाठवायचं की थेट जायचं? फोटो काढून परतणाऱ्या पाहुण्यांत जमा व्हायचं नाहीये. कुणी राहून आलं असेल तर सांगा.