नारळ, कोलेस्टेरॉल आणि बंद केलेली गोळी : 'माडबाग' यांच्या लेखाला उत्तर

खाडीकाठ (धागा सुरू करणारे)

'माडबाग' यांनी गेल्या आठवड्यात लिहिले की कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी उभे केलेले भूत आहे, कोकणातले आजे-पणजे रोज नारळ खाऊन नव्वदीपर्यंत जगले, आणि म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सोडून सकाळी अनशापोटी दोन चमचे खोबरेल तेल घ्यावे. लेखाखाली दाद देणाऱ्यांपैकी दोघांनी स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेला असूनही आपण गोळी बंद केल्याचे कळवले आहे. ते वाचल्यावर मला गप्प राहवले नाही.

एलडीएलचा, म्हणजे धमन्यांत साचणाऱ्या 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, दोष ठरवायला कोणत्याही कंपनीची गरज नव्हती. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या मुलांच्या पेशींना रक्तातले एलडीएल उचलता येत नाही आणि अशा मुलांना शाळकरी वयातही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हे कोडे उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले. पीसीएसके९ या जनुकातील बदलामुळे ज्यांचे एलडीएल जन्मापासून सरासरी २८ टक्के कमी राहिले, अशा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये हृदयधमन्यांचा विकार ८८ टक्के कमी आढळला, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गोळीविषयी म्हणाल, तर १९९४ च्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले होते. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत शंभरातील १२ जण दगावले आणि औषध घेणाऱ्यांत ८.

आता आजोबांविषयी. नव्वदी गाठलेले आजोबा आपल्याला आठवतात, कारण ते आपल्याला भेटले. पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेल्यांच्या मृत्यूचे कारण त्या काळी कोणी लिहून ठेवले? शिवाय ते आजोबा पेज आणि कुळथाचे पिठले खाऊन डोंगर चढत, आणि त्यांच्या घरात बिस्किटांचा पुडा सणासुदीलाच येई. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले छायाचित्र पाहा. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३ आहे, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आहे आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण अंगाने किरकोळ दिसतो आणि चरबी पोटात, यकृताभोवती साठवतो. मग यकृत जास्त ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) बाहेर टाकते, एचडीएल म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल घसरते आणि एलडीएलचे कण बारीक व संख्येने अधिक होतात, त्यामुळे रिपोर्टातला एलडीएलचा आकडा साधारण दिसूनही धोका कायम राहतो. आपल्यासारखेच मासे, भात आणि नारळ जेवणाऱ्या गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत आढळले. हे प्रमाण त्या पाहणीत देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. या परिस्थितीत गोळी सोडायला सांगणारा लेख लिहिणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

माडबाग

बेजबाबदार हा शब्द आपण फार सहज वापरला आहे. माझ्या वडिलांनी लावलेले माड मी सांभाळतो आणि माझ्या आयुष्यात आमच्या पिकाची दोनदा बदनामी झालेली मी पाहिली आहे. खोबरेल वाईट म्हणून ज्या काळात वनस्पती तुपाचे डबे कोकणातल्या घराघरांत शिरले, त्या काळात त्या डब्यांतल्या ट्रान्स फॅटबद्दल (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीबद्दल) एकही तज्ज्ञ आमच्या गावात बोलायला आला नाही. आज त्याच ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे इतकी वर्षे विष कोणते होते आणि बदनाम कोण झाले, याचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा.

पॅसिफिक महासागरातल्या टोकेलाऊ बेटावरील लोक ६३ टक्के ऊर्जा नारळातून घेत होते आणि तरीही त्यांच्यात हृदयविकार क्वचितच आढळत होता, हे १९८१ मध्ये छापून आलेले आहे. आपण त्याचा उल्लेख टाळलात. आणि माझ्या थोरल्या भावाचे काय? स्टॅटिन सुरू केल्यावर त्याच्या पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की माडावर चढणे सोडाच, घराची पायरी चढणे कठीण झाले. गोळी बंद केली आणि पंधरवड्यात तो पुन्हा बागेत दिसू लागला. माझ्या डोळ्यांसमोर घडलेल्या या गोष्टीपेक्षा स्कँडिनेव्हियातल्या आकड्यांवर मी अधिक विश्वास का ठेवावा?

खाडीकाठ

टोकेलाऊचा उल्लेख करताना आपण त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष गाळला. पुकापुका बेटावरील लोक नारळातून ३४ टक्के ऊर्जा घेत होते आणि त्यांच्यापेक्षा टोकेलाऊकरांचे कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तामागे ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्त होते. म्हणजे नारळाने कोलेस्टेरॉल वाढते, हे आपल्याच साक्षीदाराचे म्हणणे आहे. त्या लोकांच्या आहारात साखर फार थोडी होती, मासे भरपूर होते आणि ते अख्खा नारळ खात, चमच्याने तेल पीत नसत. अनेक चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये काढलेला निष्कर्षही तोच आहे : इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते. आमटीतल्या मूठभर खोवलेल्या खोबऱ्याविरुद्ध मी एक अक्षरही लिहिलेले नाही. माझा आक्षेप औषध म्हणून तेल पिण्याला आणि औषध म्हणून लिहून दिलेली गोळी फेकून देण्याला आहे.

वनस्पती तुपाबद्दल आपली तक्रार रास्त आहे. ती स्टॅटिनविरुद्धचा पुरावा मात्र होत नाही.

घाटवाट

आपण दोघे नारळावर भांडत बसा. माझ्या मेव्हण्याच्या घरात नारळही होता आणि गोळीही होती, आणि त्यांपैकी कशाचाच त्या रात्री उपयोग झाला नाही. पावसाळ्यात जेवणानंतर त्याला छातीत जळजळ सुरू झाली, घाम फुटला आणि डावा हात जड झाला. पित्त समजून घरच्यांनी सोडा दिला. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले, तर ईसीजीचे यंत्र होते, पण ते चालवणारा माणूस रजेवर होता. तिथून तालुक्याला, तालुक्याहून 'वर न्या' म्हणून घाटावर पाठवले आणि घाटात दरड कोसळल्यामुळे गाडी परत फिरवून दुसऱ्या घाटाने जावे लागले. उजाडल्यावर अँजिओप्लास्टी (बंद धमनी फुग्याने उघडणे) झाली. धमनी उघडली, स्टेंट उत्तम बसला, पण आज त्याचे हृदय जेमतेम ३० टक्के रक्त पुढे ढकलते आणि चाळिशी नुकतीच ओलांडलेला हा माणूस मासेमारीच्या होडीत पाऊल टाकू शकत नाही.

सिंधुदुर्गातला माणूस गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात धावतो, रत्नागिरीतला कोल्हापूरला किंवा मुंबईला धावतो. ज्या किनाऱ्यावर धमनी उघडायची सोय तासाभराच्या अंतरावर मिळत नाही, तिथे एलडीएल ५५ असावे की ७० यावर वाद घालणे ही मला श्रीमंतांची चैन वाटते.

जांभा

आणि सोय असती तर काय झाले असते, तेही ऐका. माझ्या वडिलांना चढण चढताना छातीत दाटून यायचे, थांबल्यावर बरे वाटायचे, आणि वर्षानुवर्षे ते तसेच होते. शहरातल्या एका खासगी रुग्णालयाने 'उद्याचा भरवसा नाही' असे सांगून त्याच दिवशी तीन स्टेंट घातले आणि आम्ही आंब्याची कलमे गहाण टाकली. नंतर वाचनात आले की इस्केमिया नावाच्या मोठ्या चाचणीत, ५,१७९ स्थिर रुग्णांमध्ये, आधी औषधे देऊन पाहण्याच्या तुलनेत सरसकट अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. २०१७ मध्ये सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत सुमारे २९,६०० रुपयांवर आणली, पण बिलातल्या बाकीच्या ओळी वाढवायला कोणाची बंदी आहे? माझ्या मते कोकणात अशी केंद्रे उघडली, तर पहिल्यांदा आपलीच लूट होईल.

घाटवाट

जांभा, आपण आपल्या वडिलांचे दुःख माझ्या मेव्हण्याच्या दुःखावर ठेवू नका. त्यांची धमनी वर्षानुवर्षे अरुंद होती, माझ्या मेव्हण्याची एका क्षणात गुठळीने पूर्ण बंद झाली. आपण सांगता त्या चाचणीत असे तातडीचे रुग्ण घेतलेच नव्हते. लूट होते म्हणून दवाखानाच नको, हे म्हणणे ज्याच्या घरात माणूस तडफडला नाही त्यालाच परवडते.

जांभा

माझ्या घरात माणूस तडफडला नाही, हे आपल्याला कोणी सांगितले? तातडीच्या झटक्यात धमनी लगेच उघडावी लागते, हे मला मान्य आहे. बाकी एकही शब्द मी मागे घेत नाही.

तालुका दवाखाना

मी या किनाऱ्यावर वैद्यकीय व्यवसाय करतो, म्हणून माझ्यावर पक्षपाताचा आरोप होईल, तरीही लिहितो.

घाटवाट यांचा राग योग्य आहे, पण त्यांची मागणी अपुरी आहे. प्रत्येक तालुक्यात अँजिओप्लास्टीचे केंद्र येणार नाही आणि आले तरी रात्री चालवायला माणसे मिळणार नाहीत. ईसीजीत धमनी पूर्ण बंद झाल्याचे दिसल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या केंद्राकडे पाठवावे, असे जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. टेनेक्टेप्लेज हे असे इंजेक्शन वजनाप्रमाणे एकाच वेळी शिरेतून देता येते. दुखणे सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो, पण खरा लाभ पहिल्या दोन-तीन तासांत आहे. घाट ओलांडायला चार तास लागतात त्या जागी हे इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये असणे अँजिओप्लास्टी केंद्राच्या पायाभरणीपेक्षा महत्त्वाचे आहे. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास असतो आणि त्या एका रुग्णाच्या नातेवाइकांकडून मार खाण्याची भीती रात्रपाळीच्या एकट्या तरुण डॉक्टरला असते, हेही या धाग्यावर कोणीतरी लिहायला हवे. जळजळीला पित्त समजून घरी सोडा दिला जातो, ते थांबवणे मात्र आमच्या हातात नाही. घाम आणि हातात कळ यांसह छातीत दाटले, तर १०८ ला फोन करा, आणि रक्तस्राव किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल तर फोनवरच्या सल्ल्याने ३०० मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्या.

माडबाग यांच्या भावाच्या पोटऱ्या खरोखर दुखल्या असतील, त्यावर मी शंका घेत नाही. २०२० मध्ये लंडनमधील एका चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी निव्वळ पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले गेले. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला, त्याचा ९० टक्के भाग पोकळ गोळीवरही झाला. उरलेला भाग औषधाचा असू शकतो, आणि मोजक्या रुग्णांत स्नायूंना खरी इजा होते. तेव्हा रक्तातले सीके (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारे द्रव्य) तपासावे, थायरॉइड पाहावे, मात्रा कमी करावी, दुसरे स्टॅटिन द्यावे, नाहीतर इझेटिमाइब हे स्टॅटिन नसलेले औषध द्यावे. एवढे मार्ग असताना थेट बंद करणे हा उपचार होत नाही. भावाला स्टेंट आहे का, हे आपण लिहिलेले नाही.

माडबाग

आहे. दोन आहेत.

सीके आणि थायरॉइड तपासायला मी त्याला या आठवड्यात घेऊन येईन. तेल पिण्याबद्दलचे वाक्य स्टेंट असलेल्यांसाठी नव्हते, एवढे मी लेखाच्या वर जोडतो. ते खाडीकाठ यांच्या नोबेल विजेत्यांमुळे नव्हे, तर आपण माझ्या भावाचे दुखणे खोटे ठरवले नाहीत म्हणून. नारळाबद्दलचे माझे मत आहे तिथेच आहे.

खाडीकाठ

लेखाच्या वर जोडताना ज्या दोघांनी गोळी बंद केली आहे, त्यांनाही नावाने कळवा. आणि स्टेंट नसलेल्या, पण पोट ९० सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या पुरुषांना वा ८० च्या पुढे गेलेल्या स्त्रियांना तेल प्यायला सांगणारे वाक्य अजून तसेच राहते. तेही काढा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. जो आकडा उरतो त्याला उपाशीपोटी तपासणी लागत नाही, आणि आपल्यासारख्या बारीक देहाच्या, वाढल्या ट्रायग्लिसराइडच्या माणसांत तो नुसत्या एलडीएलपेक्षा अधिक खरे सांगतो.

घाटवाट

पुढच्या ग्रामसभेत मी दोन प्रश्न लेखी मांडणार आहे : ग्रामीण रुग्णालयात आज रात्री ईसीजी कोण काढणार, आणि ते इंजेक्शन फ्रीजमध्ये आहे की नाही. डॉक्टरसाहेब, आपल्या तालुक्याचे उत्तर आपण इथेच द्याल का?

तालुका दवाखाना

ईसीजी मी स्वतः काढतो. इंजेक्शन गेल्या महिन्यात संपले आणि मागणीपत्र पाठवलेले आहे. आपल्या ठरावाची प्रत मला द्या, मी ती त्या मागणीपत्राला जोडून पुन्हा पाठवतो.