४० सिलिंडरांची हायड्रो टेस्ट आणि स्थायी प्रसरण सर्वत्र शून्य: असा अहवाल स्वीकारावा का?

प्रश्न : फॅब्रिकेशन, मकरपुरा

सर्वांना नमस्कार. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत आमचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. ऑक्सिजन व आर्गॉन मिळून ४७ लिटरचे ४० सिलिंडर आमच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. पाच वर्षांची मुदत संपत आल्यामुळे ते गेल्या महिन्यात पाण्याच्या जॅकेटमध्ये (पाण्याने भरलेल्या बंद टाकीत) हायड्रोस्टॅटिक स्ट्रेच टेस्ट, म्हणजे आत पाण्याचा दाब देऊन सिलिंडर किती फुगतो हे मोजणारी चाचणी, करणाऱ्या एका केंद्राकडे पाठवले होते. अहवालात परीक्षण दाब २५० किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) लिहिला असून एकूण प्रसरण १७० ते १९० मिलिलिटरच्या दरम्यान आहे, आणि स्थायी प्रसरणाच्या (दाब सोडल्यावरही उरणाऱ्या फुगवट्याच्या) रकान्यात चाळीसही ठिकाणी ०.० आहे.

यांतले काही सिलिंडर माझ्या वडिलांनी घेतलेले, तीस वर्षांहून जुने आहेत, तर काही चार-पाच वर्षांपूर्वीचे आहेत. इतक्या निरनिराळ्या वयाच्या पोलादाने एकसारखे उत्तर द्यावे हे मला पटले नाही, म्हणून मी केंद्राकडे विचारणा केली. त्यांनी प्रेशर गेजचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र पुढे ठेवले. ते एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे आहे आणि त्याची मुदत आणखी आठ महिने बाकी आहे. गेज बरोबर असल्यावर शंकेला जागा उरते का? हेच सिलिंडर आमची मुले दिवसभर हाताळतात, त्यामुळे केवळ कागद पूर्ण झाला एवढ्यावर माझे समाधान होत नाही.

उत्तर १ : हायड्रो टेस्टिंगमधून निवृत्त

आपली शंका रास्त आहे. चांगल्या स्थितीतील सिलिंडर परीक्षण दाबाला लवचीक मर्यादेतच राहतो, त्यामुळे स्थायी प्रसरण एक-दोन मिलिलिटर किंवा काही वेळा शून्यही येते. मात्र चाळीसपैकी चाळीस वेळा नेमके ०.० येत असेल, तर सिलिंडरांपेक्षा मोजण्याच्या पद्धतीकडे आधी पाहावे.

गेजचे प्रमाणपत्र फक्त गेजबद्दल बोलते. आपण मोजतो ते प्रसरण जॅकेट, जोडनळ्या, झडपा आणि ब्युरेट (जॅकेटमधून बाहेर ढकललेले पाणी मोजणारी खुणांची नळी) या सगळ्यांतून आपल्यापर्यंत पोहोचते. जॅकेटची झडप किंचित गळत असेल तर सिलिंडरने बाहेर ढकललेले पाणी ब्युरेटपर्यंत पोहोचतच नाही, आणि जॅकेटमधील पाणी तापत असेल तर ब्युरेटची पातळी आपोआप चढत राहते. गेज या दोन्ही वेळी निर्दोषच दिसते. यासाठी प्रमाणित सिलिंडर ठेवतात. कोणत्या दाबाला त्याचे प्रसरण किती हे आधी ठरलेले असते, आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी त्याच्यावर संपूर्ण यंत्रणा पडताळून पाहतात. अमेरिकेच्या नियमांत ही पडताळणी दररोजची असून दाब आणि प्रसरण या दोन्हींतली तफावत ±१ टक्क्याच्या आत असावी लागते. आपल्या सिलिंडरांच्या तारखांना ही नोंद झाली होती का, हे केंद्राकडे अवश्य मागावे.

माझा खरा संशय मात्र निराळा आहे. गळती आहे का हे पाहण्यासाठी कामगार आधी एकदा दाब चढवतो, जोड घट्ट करतो, ब्युरेट शून्यावर आणतो आणि मग ‘खरी’ टेस्ट घेतो. या पहिल्या खेपेत दाब पूर्ण २५० पर्यंत गेला असेल, तर पोलादाला जे काही स्थायी ताणायचे ते तेव्हाच ताणून झालेले असते. दुसऱ्या खेपेला शून्य येणे मग साहजिकच आहे, कारण मोजायचे ते आधीच घडून गेलेले असते. म्हणूनच अशी प्राथमिक चाचणी परीक्षण दाबाच्या ९० टक्क्यांपुढे जाऊ देत नाहीत, म्हणजे आपल्या बाबतीत २२५ पुढे. तसेच पूर्ण दाब किमान ३० सेकंद आणि प्रसरण थांबेपर्यंत धरावा लागतो. केंद्रात जाऊन एक टेस्ट सुरुवातीपासून डोळ्यांनी पाहा, प्रमाणपत्रे नंतर पाहता येतील.

उत्तर २ : गॅस फिलिंग, गोरवा

मी कायद्याची बाजू मांडतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे परीक्षण केंद्राला ‘पेसो’ची, म्हणजे स्फोटके व दाबाखालील वायूंवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता लागते. त्याचे मुख्यालय नागपूरला असले तरी बडोद्यातही कार्यालय आहे, त्यामुळे मान्यता चालू आहे का याची विचारणा येथेच करता येईल. प्रत्येक सिलिंडरच्या परीक्षणाची नोंद त्याच्या आयुष्यभर जपणे ही मालकाचीही जबाबदारी आहे, म्हणजे हा अहवाल तुमच्याही नावावर राहणार.

जुन्या सिलिंडरांचे वजन मात्र आवर्जून तपासा. मूळ टेअर वजनात (रिकाम्या सिलिंडरच्या वजनात) ५ टक्क्यांहून अधिक घट आढळली, तर हायड्रोचा आकडा कितीही चांगला असला तरी तो सिलिंडर बाद होतो आणि पुन्हा जोडता येणार नाही अशा रीतीने नष्ट करावा लागतो. शिवाय तुमच्याकडे ॲसिटिलीनचे सिलिंडर असतील तर ते या गाडीत चुकूनही पाठवू नका. त्यांच्या आत सच्छिद्र भराव असतो, त्यात पाणी भरून चालत नाही, त्यांची तपासणी वेगळी असते.

प्रश्नकर्ता : फॅब्रिकेशन, मकरपुरा

काका, आपण म्हणालात तसेच निघाले. आज सकाळी मी केंद्रात दोन तास उभा होतो. प्रमाणित सिलिंडर कोपऱ्यात आहे, परंतु त्याची शेवटची नोंद सात आठवड्यांपूर्वीची आहे. कामगाराने माझ्यासमोर जोड तपासण्यासाठी दाब सरळ २५० पर्यंत नेला, सोडला, ब्युरेट शून्य केली आणि मग आकडे लिहायला घेतले. त्याला यात काही वावगे वाटत नव्हते, कारण त्याला तसेच शिकवले गेले होते. आता या चाळीस सिलिंडरांची पुन्हा टेस्ट घेतली, तर खरा आकडा मिळेल का?

उत्तर १ : हायड्रो टेस्टिंगमधून निवृत्त

त्याच दाबाला पुन्हा टेस्ट घेतली तर पुन्हा शून्यच येईल, आणि त्यावरून काही कळणार नाही. यंत्रणेतील बिघाडामुळे दाब टिकवता आला नाही, तर अमेरिकेच्या नियमांत दाब १० टक्के किंवा १०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), यांपैकी जे कमी असेल तेवढा, वाढवून चाचणी पुन्हा घेण्याची मुभा आहे. २५० किलोच्या सिलिंडरसाठी ती वाढ सुमारे ७ किलो होते. मात्र आपल्याकडे हा निर्णय आपण किंवा केंद्राने परस्पर घेऊ नये. झालेला प्रकार केंद्राला लेखी कळवून पेसोच्या बडोदा कार्यालयाचे मार्गदर्शन मागा.

तोपर्यंत तीस वर्षांवरील सिलिंडर वेगळे काढा. त्यांची अल्ट्रासॉनिकने भिंतीची जाडी मोजून घ्या, आत दिवा सोडून तळाचा गंज पाहून घ्या, आणि टेअर वजन शिक्क्याशी ताडून पाहा. स्थायी प्रसरणाचा आकडा गेला तरी या तीन गोष्टी अजून मोजता येतात. ऑक्सिजनचे सिलिंडर असल्यामुळे आत तेलाचा अंशही जाऊ देऊ नका, आणि परत भरायला देण्यापूर्वी ते आतून पूर्ण कोरडे झाल्याची खात्री स्वतः करून घ्या.