मदत हवी आहे: आई-बाबा पहिल्यांदाच बार्सिलोनाला चालले, चोरांपासून कसं जपायचं?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून आई-बाबा सोयाबीन निघालं की ताईकडे बार्सिलोनाला जाणार आहेत. ताई दिवसभर कामावर, त्यामुळे दोघं बरेचदा एकटेच फिरतील.

ला रांब्ला रस्ता आणि मेट्रोत खिसेकापूंचा फार सुळसुळाट आहे, हे माहीत आहे. एक जण नकाशा दाखवून पत्ता विचारतो, तेवढ्यात दुसरा खिसा साफ करतो. अंगावर काहीतरी सांडवून पुसायला येतात, तोही त्यातलाच प्रकार. मला खरी काळजी बाबांची आहे. गावात कुणी पत्ता विचारला तर ते त्याला दारापर्यंत सोडून येतात. अशा माणसाला 'अनोळखी माणसाशी थांबून बोलू नका' हे कसं पटवायचं?

पैसे बंडीच्या आतल्या खिशात ठेवतो म्हणतात. ते बरंच, पण सगळे एकाच जागी नकोत असं मला वाटतं. आई डोरलं काढायला तयार नाही. मी काळ्या मण्यांची साधी पोत सुचवली, तर रुसली. तुमच्या घरी यावर काय तोडगा काढला?

तिकडचा आपत्कालीन मदतीचा 112 नंबर दोघांकडून पाठ करून घेतलाय. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावासाकडून परतीचं तात्पुरतं प्रमाणपत्र, हेही समजावलं. पण रोज फिरताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवायचा की घरी ठेवून झेरॉक्स न्यायची? ज्यांचे आई-वडील तिकडे राहून आलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.