सॅफ्रॅनिन (लाल रंगद्रव्य) टाकल्यावर अख्खा छेद लालभडक, ऊती वेगळ्या कशा दाखवायच्या?

प्रयोगवही: नववीसाठी सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद. १% सॅफ्रॅनिनमध्ये ५ मिनिटं, मग पाण्यात एकदा बुचकळून ग्लिसरीनवर. मूल (पातळ भित्तिकांच्या साध्या), स्थूलकोन (कोपऱ्यांत जाड), दृढ (जाड, कडक भित्तिकांच्या), सगळ्या ऊती सारख्याच लाल! रंग जुना झालाय का?

काचपट्टी: रंग ठीक आहे, धुणं कमी पडतंय. सॅफ्रॅनिन सुरुवातीला सगळ्याच पेशीभित्तिकांना चिकटतो. लिग्निन (भित्तिका कडक करणारं द्रव्य) असलेल्या भित्तिका तो धरून ठेवतात, सेल्युलोज-पेक्टिनच्या लवकर सोडतात. हा फरक धुतानाच दिसतो आणि नुसत्या पाण्याने तो नीट होत नाही. रंगात २ मिनिटं पुरेत. मग वॉचग्लासमध्ये निम्मं स्पिरिट, निम्मं पाणी घेऊन छेद ब्रशने हलवत राहा. घड्याळ बघू नका, गाभा बघा. मधल्या मूल ऊतींचा रंग जवळजवळ उडाला, की लगेच पाण्यात टाका. आणखी ठेवलात तर जलवाहिन्यासुद्धा फिक्या पडतील. (जवळ दिवा पेटता नको.)

आता १०एक्सवर जलवाहिन्या आणि वाहिनीसमूहावरची दृढ ऊतींची टोपी लाल दिसेल. अपित्वचेखालच्या स्थूलकोन ऊती फिक्या, पण पेशींचे कोपरे जाड. मुलांना ४०एक्सवर तो कोपराच दाखवा, पुस्तकातली आकृती तिथेच पटते.

दुसरी शक्यता, छेद जाड आहे. पेशींचे दोन-तीन थर एकावर एक आले की रंग गडदच दिसणार. नवं ब्लेड ओलं करून एका ओढीत कापा, करवतीसारखं पुढेमागे नको. २०-२५ छेद पाण्यात पाडून सर्वांत पारदर्शक तो उचला. पूर्ण गोल छेदाचा हट्ट धरू नका, पातळ पाचर चालते.

गाजरगाभा: खोड कुठलं घेताय तेही बघा. शेंड्याजवळचं घेतलंत तर टोपीत लिग्निन जमलेलंच नसतं, मग कितीही धुवा. बुंध्याजवळचं ब्लेडला दाद देत नाही. मधलं पेर घ्या आणि गाजराच्या खाचेत धरून कापा.

दृढ ऊती लगेच दाखवायच्या असतील तर पेरू. सालीखालच्या गरातले टाचणीच्या टोकाएवढे खरखरीत कण काचपट्टीवर चिरडून सॅफ्रॅनिनचा थेंब टाका. जाड भित्तिकेच्या, आत जेमतेम पोकळी उरलेल्या अश्मपेशींचे (दृढ ऊतींच्या दगडासारख्या कठीण पेशींचे) पुंजके दिसतात. छेद घेण्याची कटकटच नाही.

प्रयोगवही: धन्यवाद, धुणंच चुकत होतं. याच तासाला प्राणी ऊतीचं काही जमेल का? तयार स्लाइड नाहीत.

काचपट्टी: उकडलेल्या मटणाचा, बोटी-आतड्याचा नव्हे, मांडीच्या मांसाचा एक धागा घ्या. पाण्याच्या थेंबात दोन सुयांनी केसाइतका बारीक होईपर्यंत विंचरा. मिथिलीन ब्लूचा थेंब, २ मिनिटं, जादा रंग टिपकागदाने ओढून काढा, कव्हरस्लिप. ४०एक्सवर स्नायूच्या धाग्यावर आडवे पट्टे दिसतात. नाहीच दिसले तर डायफ्रॅम (सूक्ष्मदर्शकातली प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) बराचसा बंद करा, प्रकाश जास्त असला की पट्टे विरून जातात. काळा गोळा दिसला तर विंचरणं कमी झालंय. कच्चं मांस टाळा, सुईखाली बुळबुळीत सरकतं.