वढवाणा रामसर झाला, पण चिखल कोणी राखायचा?

रावपुरेकर:
काल येथे एका सदस्याने गुजरातमधल्या डभोईजवळच्या वढवाणा तलावाबद्दल लिहिले की, ‘वढवाण्याला २०२१ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला, आता पाणथळीच्या पक्ष्यांसाठी वेगळी राष्ट्रीय योजना कशाला?’ हे वाचून राहवले नाही. तलाव काठोकाठ भरला की बदकांचे भागते. परंतु चिखल्या आणि टिलवे या काठावर चरणाऱ्या लहान पक्ष्यांचे पाय आखूड, त्यांना बोटभर पाण्याखालचा मऊ चिखलच लागतो. गेल्या पौषात मी बांधावर उभा असताना टिलव्यांच्या एका थव्याने दोनदा घिरट्या घातल्या, आणि उतरायला कोरभर काठही न मिळाल्याने तो निघून गेला. अशा स्थलांतरित पक्ष्यांचा मध्य आशियाई उड्डाणमार्ग ३० देशांतून जातो. त्यासाठी केंद्राने २०१८ ते २०२३ चा कृती आराखडा केला. पण तलावात कोणत्या महिन्यात किती पाणी ठेवायचे, हे ठरल्याशिवाय असा आराखडा काठापर्यंत पोहोचत नाही.

डभोईकर:
काका, हा तलाव गायकवाडी राज्याने सिंचनासाठी बांधला, हे आपण सोयीस्करपणे विसरता. एका वर्षी ऐन ओंब्या भरताना आमच्या कालव्याला पाणी आले नाही आणि गव्हाचा दाणा सुरकुतला. तेव्हा आमच्यासाठी येथे कोणी धागा काढला नाही. पक्ष्यांसाठी पाणी अडवणार असाल, तर आधी आमच्या बांधावर येऊन बोला.

मांडवीची ताई:
गायकवाडांना मध्ये आणण्याचे कारण नाही. माझे आजोबा संस्थानच्या पाटबंधारे खात्यात होते. पाण्याची पातळी रोज वहीत लिहिली जाई आणि कालव्याला पाणी सोडण्याची पाळी त्यावरून ठरे. आज ती वही गावासमोर कोण ठेवतो? भांडण पक्षी आणि शेतकरी यांचे नाही, ते नोंदींच्या अभावाचे आहे.

रावपुरेकर:
डभोईकर, मी पाणी अडवा असे कुठेही म्हटलेले नाही. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. पाळी सुटत गेली की पातळी उतरते आणि काठचा चिखल उघडा पडतो. जामनगरच्या किनाऱ्यावर हे काम ओहोटी करते, येथे ते तलावाच्या पाणी सोडण्याच्या दरवाजांनी करायचे आहे. न वाचता आरोप करू नका.

डभोईकर:
पाणी टप्प्याटप्प्याने सोडले तर गव्हालाही फायदाच होतो, एवढे नाइलाजाने मान्य करतो. मात्र पाळ्यांचे वेळापत्रक पेरणीपूर्वी, गुजरातीत, आमच्या पंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे. ते लागले, तर त्या टिलव्यांची मोजणी करायला मी स्वतः येईन.